स्वयंपाकघरापर्यंतचा आवाज

त्या आठवड्यात सगळ्यांत मोठा फायदा बाबांचा होणार होता. फुटबॉलची ती मोठी स्पर्धा, जिची माणसं चार-चार वर्षं वाट बघतात, तिचा शेवटचा टप्पा, रोज संध्याकाळी सातला सामना, आणि शहरभर बस चालवणाऱ्या या माणसाला नेमकी त्याच आठवड्यात रजा. त्याखालोखाल फायदा आईचा. इतकी वर्षं नुसती कानांनी ऐकलेली सातची मालिका ती पहिल्यांदा डोळ्यांनी बघणार होती, आणि तीही संपायच्या आठवड्यात. मुलीला, म्हणजे चिमीला, स्वयंपाकघराचं राज्य मिळणार होतं. खालच्या मजल्यावरच्या काकूंना कधी नव्हे ती शांतता मिळणार होती. माझा फायदा-तोटा कुणी धरला नव्हता. आमच्यासारख्यांचा धरत नाहीत.

मित्रांनो, मी एक जुना रिमोट आहे. ज्या टीव्हीचा होतो तो कधीच भंगारात गेला. मी मात्र शिवणकामाच्या एका पत्र्याच्या डब्यात पडून आहे. शेजारी खडूचा तुकडा, कात्री आणि सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची पितळी टोपी. शेजार चांगला आहे. कुणी कुणाची उणीदुणी काढत नाही.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. एका बाजूने आमची पोटं यायची, दुसऱ्या बाजूने पाठी, आणि मध्ये बसलेल्या बायका रबराची बटणं बसवून आम्हाला मिटवायच्या. शेवटी एक चष्मेवाला तपासनीस आमचं एकेक बटण दाबून बघायचा. माझी सगळी बटणं सारख्याच न्यायाने दाबणारा तो पहिला आणि शेवटचा माणूस. पुढे ज्या घरात मी नांदलो, तिथे दोन-तीन बटणांवर सगळा संसार उरकला. बाकीची बटणं नवीकोरीच म्हातारी झाली.

मला तोंड नाही. मला फक्त डोळा मारता येतो, आणि तोही माणसांना दिसत नाही, टीव्हीला तेवढा दिसतो. उभं आयुष्य मी एकाच टीव्हीला डोळा मारत काढलं. तरी घरात मान माझा होता. टीव्ही बिचारा भिंतीला टेकून उभा असायचा, त्याला कुणी विचारत नसे. भांडणं व्हायची ती मी कुणाच्या हातात आहे यावरून. बाबा मला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवायचे. मी तीन वेळा पडलो आणि तिसऱ्यांदा पाठीवरचं झाकण कुठेतरी कपाटाखाली गेलं ते गेलंच. मग आईने पायजम्यात घालतात तसल्या इलॅस्टिकचा पट्टा मापाने शिवून माझ्या पोटावर चढवला. कारखान्याचं झाकण दोन वर्षं टिकलं, आईचा पट्टा अजून टिकून आहे.

आता त्या घराची रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच बेतलेलं आहे.

घर लहान होतं. पुढची खोली, तिला लागून झोपायची खोली, आणि एका अरुंद बोळातून गेलं की टोकाला स्वयंपाकघर. बाबांची ड्यूटी पहाटेची, त्यामुळे आठला जेवण आणि नऊला दिवे बंद. म्हणजे सात ते आठ आई चुलीपाशी. शिवाय शिंप्याच्या दुकानातून आलेल्या पँटी खालून दुमडून टाके घालण्याचं काम ती करायची, इस्त्रीही तिथेच. तिचे दोन्ही हात एकाच वेळी मोकळे असलेले मी फार क्वचित पाहिले. आणि मालिका तर बरोब्बर सातला.

म्हणून ती मालिका आईने ऐकली. सात वाजले की बाबा मला उचलायचे आणि आवाज वाढवत न्यायचे. पडद्यावर हिरव्या रेघा एकीपुढे एक उमटत जायच्या. एका ठरावीक रेघेला आतून आईचं 'हं' यायचं. त्या रेघेला घरात 'स्वयंपाकघरापर्यंत' म्हणत. "स्वयंपाकघरापर्यंत लावा" म्हटलं की घरच्या कुणालाही कळायचं. खालच्या काकूंनाही कळायचं. आवाज फार होतो म्हणून त्या तक्रार करायला वर यायच्या, आणि तक्रार झाली की दारातच उभ्या राहून कालच्या भागात मोठ्या जावेने असं का केलं, ते विचारायच्या. काकूंच्या घरी टीव्ही नव्हता. आमचा असताना त्यांना गरजही नव्हती.

फोडणीच्या चुरचुरीत किंवा कुकरच्या शिट्टीत एखादं वाक्य बुडालं, तर आई कढईच्या काठावर पळी आपटायची. एक टोला म्हणजे आवाज वाढवा. दोन टोले म्हणजे काय झालं ते सांगा. कारण मालिकांमध्ये ऐन मोक्याला कुणी बोलत नाही, नुसतं संगीत वाजतं आणि माणसं एकमेकांकडे बघत राहतात. ऐकणाऱ्याने काय करायचं? मग बाबा वर्तमानपत्रातून डोकं वर काढून बातमी द्यायचे.

"दारात उभी आहे गं. रडतेय."

"कोण?"

"मोठी."

"रडू दे तिला."

बाबा मालिकेला नावं ठेवायचे, सगळं फुकट जातं म्हणायचे. पण आईला बातमी देण्यात त्यांनी कधी कुचराई केली नाही. कोण कुणाकडे कसं बघतंय, कोणाच्या हातात कसले कागद आहेत, सगळं ते बसचे थांबे सांगावेत तसं नेमकं सांगायचे. मी त्यांच्या मांडीवर असायचो. मला विचाराल तर, आईपेक्षा तेच मालिकेत जास्त अडकले होते. पण हे कुणी त्यांना तोंडावर म्हटलं असतं, तर त्यांनी त्या दिवशी जेवण टाकलं असतं.

मालिका लाकडाची वखार असलेल्या एका कुटुंबाची होती. त्या घरातला धाकटा मुलगा भावाशी भांडून निघून गेलेला. तो कधी पडद्यावर दिसायचाच नाही, फक्त त्याचे फोन यायचे. टेलिफोनचं यंत्र दिसायचं, त्यातून त्याचा आवाज यायचा, "मी बरा आहे" म्हणायचा आणि ठेवून द्यायचा. वर्षानुवर्षं हेच. तो घरी येतो का, एवढाच काय तो त्या मालिकेचा जीव. त्याचा आवाज आला की स्वयंपाकघरातली पळी थांबायची, इस्त्री थांबायची. एकदा तर एक पँट चांगलीच भाजली. शिंप्याने त्यावरून बरंच ऐकवलं, आईने निमूट ऐकून घेतलं.

का थांबायची, ते मला पुढे कळलं. आईचा सख्खा धाकटा भाऊ बोटीवर कामाला गेला होता. आधी पत्रं यायची, मग कमी झाली, मग थांबली. मालिकेतल्या त्या पोराचा आवाज हुबेहूब त्याच्यासारखा होता. आईने हे कुणाला सांगितलं नव्हतं. चेहरा दिसत नव्हता, मग तिने आपल्या मनाने तिथे आपल्या भावाचा चेहरा बसवून टाकला. परवानगी कुणाची घ्यायची होती?

आईला सिनेमांचंही असंच. रविवारी दुपारी सिनेमा लागायचा. सगळे सुरुवातीपासून बघायचे आणि आई भांडी आवरून, ओटा पुसून, पदराला हात पुसत यायची तेव्हा शेवटचा अर्धा तास उरलेला असायचा. शेकडो सिनेमांचे तिने फक्त शेवट पाहिले. कोण मेलं, कुणाचं लग्न झालं, हे तिला पक्कं माहीत; का, ते विचारू नका.

अशा चाललेल्या घरात एका सकाळी आई स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी तपासलं. हृदयाची एक झडप नीट मिटत नव्हती. पुढच्या सोमवारी ऑपरेशन ठरलं, आणि तोवर आठवडाभर पाय खाली ठेवायचा नाही, ओझं उचलायचं नाही, जिवाला त्रास करून घ्यायचा नाही. "आणि झोप," डॉक्टर बाबांना म्हणाले, "लागेल तेव्हा, लागेल तेवढी लागू द्या. उठवायचं नाही." बाबांनी ते वाक्य सरकारी हुकमासारखं डोक्यात ठेवलं. ते आधीपासूनच माझ्याकडे आशेने बघून त्या आठवड्याची रजा टाकून बसले होते. ती आता आजारपणाच्या कामी आली. रजा एकच, कामं दोन. याचं त्यांना जरा ओशाळवाणंही वाटत होतं.

आईचा पलंग पुढच्या खोलीत आणला, टीव्हीसमोर. सोमवारी सात वाजायच्या आत बाबांनी मला पिशवीतून काढलं, पुसलं आणि आईच्या हातात दिलं.

"तुमचा सामना असेल ना आता?" आई म्हणाली.

"सामने काय, पुन्हा चार वर्षांनी येतील."

"आणि मालिका संपली की पुन्हा येणार नाही, असंच ना?"

"असंच. बघ निवांत."

मित्रांनो, मला त्या हातात सवयच नव्हती. बोटांना सुया टोचून टोचून घट्टे पडलेले. तिने सगळी बटणं एकदा निरखून बघितली, माझ्या पट्ट्याचा टाका ओढून पाहिला आणि मग कुठे मालिका लावली. आवाज अगदी हळू. समोरच तर होता टीव्ही.

सोमवार मजेत गेला. दुपारी चिमी औषधाच्या दुकानातून अर्धी रजा घेऊन आली होती. दोघींनी एक जुना सिनेमा सुरुवातीपासून बघितला. शेवट आईला पाठ होता, पण मध्येच ती म्हणाली, "अगं बाई, म्हणजे हा त्याचा भाऊ होय. मला वाटायचं पोलीस आहे." संध्याकाळी मालिकेतली ती कजाग मोठी जाऊ दिसली तर आई म्हणाली, एवढीशी ही? एका हाताने भाजीच्या पिशवीसारखी उचलून बाहेर ठेवली असती मी. बाबा हसले. इतकी वर्षं रोज बघितलेली बाई त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा एवढीशी दिसली.

मंगळवारी मालिकावाल्यांनी धाकट्याचा चेहरा दाखवला.

इतकी वर्षं झाकून ठेवलेला चेहरा. रेल्वेच्या डब्यात पाठमोरा बसलेला माणूस वळला आणि सरळ आमच्याकडे बघू लागला. गोरा, कुरळ्या केसांचा, मिशी कोरलेला देखणा मुलगा. बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. मी आईच्या हातात होतो, म्हणून एवढंच सांगू शकतो, की तिची पकड सुटली. मी घसरून चादरीवर पडलो.

"हा नव्हे," ती अगदी हळू म्हणाली.

बाबांना ऐकू गेलं नाही. ते म्हणाले, चांगला आहे की पोरगा.

बुधवारी सात वाजता आईने मालिका लावली, मला पोटावर ठेवलं, वर आपला तळवा ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

आता नीट ऐका. ती झोपली नव्हती. धाकट्याचा आवाज आला की तिचा तळवा माझ्यावर किंचित दाबला जायचा, दुसऱ्या कुणाच्या आवाजाला नाही. झोपलेल्या माणसाच्या हाताला असं निवडता येत नाही. मिटल्या डोळ्यांआड तिने त्या देखण्या पोराला हाकलून आपल्या भावाला पुन्हा त्याच्या जागी बसवलं होतं. तो घराच्या वाटेवर होता. तीन दिवसांत पोचणार होता.

बाबांनी बघितलं. डोळे मिटलेले, श्वास संथ. डॉक्टरांचं वाक्य त्यांना आठवलं. त्यांनी चोरासारखं माझ्याजवळ येऊन मला तिच्या हाताखालून अलगद ओढून घेतलं. आणि मग आवाज कमी केला. एकदम नाही. एकदम शांत झालं तर जाग येईल म्हणून एकेक रेघ, मध्ये थांबून, तिच्याकडे बघत. इतक्या मायेने माझं ते बटण कुणी कधी दाबलं नव्हतं. शेवटची रेघ गेली. एक क्षण ते मुक्या पडद्याकडे बघत बसले. मग सामना लावला.

मी फक्त डोळा मारू शकतो, मित्रांनो. आणि ज्याच्या बोटाखाली असेन त्याच्या मर्जीने.

बाबा सामना बघतात तेव्हा एरवी अख्खी इमारत सामना बघते. ते ओरडतात, खेळाडूंना बसमधल्या प्रवाशांसारखे दटावतात, पुढे सरका म्हणतात. त्या दिवशी ते टीव्हीच्या अगदी पुढ्यात स्टूल ओढून बसले आणि सगळं पुटपुटत राहिले. "अरे दे ना. दे त्याला. गेला, गेला." गोल झाला तेव्हा त्यांनी स्वतःची मूठ तोंडात कोंबली. तेवढ्यात आईने डोळे किलकिले केले. पडदा दिसला तिला, आणि पडद्यापुढे नवऱ्याची पाठ, आनंदाने नुसती गदगदणारी, आवाज न करता. तिच्या तोंडावर हसू आलं. तिने डोळे पुन्हा मिटले.

एक शब्द बोलली असती तर मालिका परत लागली असती. मला हे कोडं रविवारपर्यंत सुटलं नाही.

गुरुवारीही तेच. मालिका लागायची, डोळे मिटायचे, रेघा उतरायच्या, सामना लागायचा. आणि शुक्रवारी मालिकेचा शेवटचा भाग होता. त्या दिवशी बाबांनी जरा जास्त वेळ वाट बघितली. दोनदा वाकून तिच्या तोंडाकडे पाहिलं. चिमी नुकतीच कामावरून आली होती. पिशवी खाली ठेवता ठेवता तिने हळूच विचारलं, "आईची मालिका?"

"झोपलीय. उठवू नको."

"पण आज शेवट आहे, बाबा."

"शेवट जाणाराय कुठे पळून? परवाचा सोडून पुढच्या रविवारी पुन्हा दाखवतायत. झोप महत्त्वाची."

चिमीलाही ते पटलं. तिने बोळातला दिवासुद्धा लावला नाही, चाचपडत आत गेली. त्या काळी फोनवर मालिका बघायची सोय नव्हती, आणि पुढचा रविवार काही लांब नव्हता. हिशोब चोख होता. फक्त तो करताना कुणी आईला विचारलं नव्हतं.

शनिवारी चिमीने लावलेल्या सिनेमाच्या मध्येच आई म्हणाली, पुरे गं, सुरुवाती पाहून झाल्या माझ्या.

रविवारी दुपारी काकू वर आल्या. आईची विचारपूस केली, स्टीलच्या डब्यातून आणलेलं सूप चिमीकडे दिलं, आणि मग खुर्चीच्या टोकावर बसून त्यांनी खरा विषय काढला.

"वहिनी, मला एक सांगा बाई. तो आला का शेवटी? सोमवारपासून तुमचं पुटपुटणं तेवढं ऐकू येतंय. मी जिन्यात येऊन कान लावून बसायचे हो. बुधवारपासून तर तेही गेलं. मी म्हटलं, टीव्ही बिघडला की काय यांचा."

"मलाही ठाऊक नाही," आई म्हणाली. "मी पण बुधवारपर्यंतच ऐकलं."

"ती झोपायची ना," बाबा म्हणाले.

 आईने नुसतं त्यांच्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात इतकी मिश्कील दया होती की बाबांचा चेहरा उतरत गेला, एकेक रेघ करत. काकू चतुर बाई. डबा उद्या येऊन नेईन, म्हणाल्या आणि निघाल्या.

दार लागल्यावर बाबा पलंगाच्या कडेला बसले. त्यांच्या हातात मी होतो, का ते त्यांनाही ठाऊक नसावं.

"तू जागी होतीस?"

"होते."

"तिन्ही दिवस?"

"तुमचा तो गोलकीपर डावीकडे पडायला हवा होता," आई म्हणाली. "उजवीकडे काय पडला मेला. तुम्हीच म्हणालात."

"मग बोलली का नाहीस?"

"इतकं हळू ओरडताना तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं मी." तिने चादरीची घडी सारखी केली. "माझ्यासाठी तोंडात मूठ घातलीत. म्हटलं, घालू दे. असं कोण करतं?"

मग तिने भावाचं सांगितलं. डोळे मिटले की तो असतो, उघडले की कुणी भलताच असतो, म्हणून मिटले, बाकी काही नाही. बाबा मान खाली घालून ऐकत राहिले. ते म्हणाले, मला वाटलं तू झोपलीस. 

"रविवारी आहे ना परत?" आई म्हणाली. "तोवर येईनच मी घरी. स्वयंपाकघरापर्यंत लावा. आत बसूनच ऐकते कशी. इथे काही मजा नाही हो, तोंडं दिसतात सगळ्यांची."

त्या संध्याकाळी स्पर्धेचा अंतिम सामना होता. बाबा टीव्ही लावेनात. आईने माझ्याकडे बोट दाखवून लावायलाच लावला, आणि आवाज मोठा करायला लावला, आणि स्वतः डोळे मिटून घेतले. "आता सांगा मला," म्हणाली. बाबा सांगू लागले.  कोण पळतोय, कोण आडवा आला, चेंडू कुठल्या कोपऱ्यातून येतोय, सगळं थांब्याथांब्याने सांगत गेले. मध्येच आई पलंगाच्या लाकडावर बोटाने टोले द्यायची. दोन. आणि बाबा सांगायचे.

कुठला संघ जिंकला ते मला आठवत नाही. बाबांनाही विचारून पाहा, आठवणार नाही.

सोमवारी सकाळी ती दवाखान्यात गेली. जाताना मला पिशवीत घालून उशाशी ठेवून गेली. ऑपरेशन झालं. दोन दिवस बरी बातमी होती. तिसऱ्या दिवशी चिमी एकटी घरी आली, दिवा न लावता पुढच्या खोलीत बसली, आणि तिच्या बसण्यावरून मला कळलं. मग बरीच माणसं येऊन गेली. शिंपीही येऊन गेला. म्हणाला, असे टाके पुन्हा मिळायचे नाहीत. जिवंतपणी म्हणाला असता तर बरं झालं असतं. टीव्हीवर कुणीतरी चादर टाकली होती.

रविवार आला.

सात वाजायच्या आधी बाबांनी ती चादर काढली. बोळातून जाऊन स्वयंपाकघराचा दिवा लावून आले. मग मला पिशवीतून काढून आवाज वाढवत नेला, रेघेपुढे रेघ, त्या ठरावीक रेघेपर्यंत. आतून 'हं' आलं नाही. त्यांनी तरी तिथेच थांबवला. खालून काकू वर आल्या आणि दाराशी जमिनीवर बसल्या. चिमी भांडी घासायची आहेत असं काहीतरी म्हणून आत निघून गेली.

बाबांनी डोळे मिटले. अख्खा भाग त्यांनी तसाच ऐकला, त्या देखण्या पोराला एकदाही न बघता. वखार विकायला निघाली होती. मोठा भाऊ खचला होता. म्हातारी आई उंबऱ्याशी बसून होती. शेवटी दाराची कडी वाजली, आणि सगळे बोलायचे थांबले, आणि मालिकांमध्ये वाजतं तसं संगीत वाजू लागलं. लांब, नुसतंच.

हीच ती जागा. याच जागी आतून पळी वाजायची.

बाबांनी डोळे उघडले. पडद्याकडे पाहिलं. मग मान वळवून बोळाकडे, आत लागलेल्या दिव्याकडे तोंड केलं आणि नेहमीच्या आवाजात बातमी दिली.

"आला गं. दारात उभा आहे."

काकूंनी पदर तोंडाला लावला.  संगीत वाजतच होतं. मग आतून कढईच्या काठावर पळीचे दोन टोले आले. चिमी होती.

 बाबा थांबले नाहीत. आई उठली, म्हणाले. त्याच्याकडे बघतेय. ओळखलं तिने. आता त्याने पिशवी खाली ठेवली. शेवटचं नाव पडद्यावरून सरकेपर्यंत ते सांगत राहिले.

त्यानंतर मी त्या घरात पुष्कळ वर्षं नोकरी केली, आणि माझ्या आवाजाच्या बटणाला फारसं काम पडलं नाही. टीव्ही चालू असेल तेव्हा तो कायम त्याच रेघेवर असायचा. काकूंनी पुन्हा कधी तक्रार केली नाही. पुढे नवा टीव्ही आला, त्याच्याबरोबर त्याचा रिमोट आला, काळा आणि चकचकीत. आम्हा जुन्यांना एरवी भंगाराचीच वाट असते. बाबांनी मला टाकलं नाही. माझ्या सेलच्या जागेत गंज चढला होता, तो त्यांनी कापडाने पुसला आणि मला आईच्या शिवणाच्या डब्यात ठेवलं. पट्टा तसाच राहू दिला.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना जपा, पुसून ठेवा, वेळच्या वेळी सेल बदला, हे तर मी सांगणारच. म्हातारा रिमोट दुसरं काय सांगणार. पण तुमच्या घरात कुणी डोळे मिटून पडलं असेल, आणि तुम्ही मायेने त्याचा आवाज कमी करायला निघाला असाल, तर बोट थांबवा आणि आधी हळूच हाक मारा. खरंच झोपलेलं माणूस फार तर कुरकुरेल आणि कूस बदलेल. जागं असलेलं माणूस कधी कधी तुमच्या सुखासाठी गप्प राहतं, आणि ते गप्प राहणं तुम्हाला झोपेसारखं दिसतं.

आता मिळकत मांडून संपवतो. बाबांना त्यांचे सामने मिळाले. काकूंना शांतता मिळाली आणि ती त्यांना नको झाली. चिमीला स्वयंपाकघर मिळालं, ते कायमचं. मालिकेतल्या पोराला त्याचं घर मिळालं. जिने जन्मभर सिनेमांचे नुसते शेवट पाहिले, तिला एवढा एक शेवट तेवढा मिळाला नाही. सगळ्यांच्या वाट्याचं मोल तिने एकटीने, डोळे मिटून, तक्रार न करता चुकतं केलं. पावती मात्र बाबांच्या हातात राहिली. ते अजून कधीतरी हा डबा उघडतात आणि माझ्या पोटावरचा टाका ओढून बघतात. टाका पक्का आहे.